एका बिल्ल्याचं शुद्धिपत्र

काकूंना उडण्याची स्वप्नं पडत. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. आणि स्वप्न पडलं की सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना त्या सांगत, "काल मी उडाले."

"उडाले नाही," काका वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणत, "उडाल्याचं स्वप्न पडलं. वाक्य नीट कर."

"बरं," म्हणून काकू पुढचं सांगायला लागत. फार उंच नाही, गच्चीच्या कठड्याहून थोडंसंच वर. हात पसरावे लागत नाहीत, पाय नुसते लोंबत राहतात. खाली दोऱ्यांवर कपडे वाळत असतात आणि कुणाचा कुठला कपडा विरलाय ते वरून स्वच्छ दिसतं. कधी त्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून येत, कधी शाळेच्या छपरावर क्षणभर टेकत. उतरायची वेळ आली की दार वाजायचं, दूधवाला यायचा. एवढ्या वर्षांत त्या उतरलेल्या अशा कधीच नव्हत्या.

काका सदतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. निवृत्त झाले, पण लाल पेन्सिल कानावरून काही उतरली नाही. जिन्यातल्या 'पाय पुसुन या' या पाटीतला 'सु' त्यांनी दीर्घ केला होता. औषधाच्या बाटलीवर 'हालवून घ्या' आहे की 'हलवून' यावर औषधवाल्याशी त्यांचा अर्धा तास वाद झाला होता, आणि तोवर खोकला आपोआप थांबला होता. कुणी गाळलेला अनुस्वार दिसला की तो जागच्या जागी बसवल्याशिवाय त्यांना पुढचं पाऊल टाकवत नसे, म्हणून सगळी इमारत त्यांना अनुस्वारकाका म्हणे. तोंडावर 'काका', पाठीमागे 'अनुस्वार'.

या माणसाच्या मनात एक सल होता, तोही इथेच सांगून टाकतो. आठशेच्या वर पुस्तकं त्यांच्या नजरेखालून गेली, पण एकाही पुस्तकात त्यांचं नाव नाही. लेखक प्रस्तावनेत बायकोचे आभार मानत, चहा आणून देणाऱ्याचे मानत. एका कादंबरीकाराने तर आपल्या मांजरीचे आभार मानले होते, आणि त्या मांजरीची 'री' काकांनीच दीर्घ केली होती.

त्यांच्या धंद्यातली एक खूणही सांगायला हवी. एखादा शब्द आपण खोडला आणि मग ध्यानात आलं की तो मुळात बरोबरच होता, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची. खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवणारा समजतो: राहू द्या, खोडणाऱ्याची चूक झाली. सदतीस वर्षांत काकांनी ही टिंबं तीनदा दिली, आणि तिन्ही वेळा त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

तर एके दिवशी वर्तमानपत्रात जाहिरात आली. गावातल्या रुग्णालयाची लिफ्ट दोन वर्षांपासून दुसऱ्या मजल्यावर अडकून बसली होती, आणि लहान मुलांचा कक्ष होता चौथ्यावर. ही लिफ्ट वर जावी म्हणून गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर विमानं वर जाणार होती. मदतीसाठी हवाई कसरती. सगळी मिळकत लिफ्टला. शिवाय प्रत्येक प्रवेशपत्रिकेवर क्रमांक असेल, संध्याकाळी सोडत निघेल आणि ज्याचा क्रमांक लागेल त्याला दोन आसनी विमानातून आकाशात एक फेरी.

काकूंनी ती जाहिरात कात्रीने कापली आणि साखरेच्या डब्याखाली ठेवली. मागणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. पण त्या दिवसापासून साखर काढताना त्यांना जरा जास्तच वेळ लागू लागला. चौथ्या दिवशी काकांनी डबा उचलला, खालचा कागद वाचला आणि विचारलं, "जायचंय का?"

"लागलं तर लागलं," काकू म्हणाल्या. "नाहीतर विमानं नुसती बघू."

इथे काकूंच्या 'बरं'बद्दल दोन शब्द. त्यांच्याकडे तीन प्रकारचं 'बरं' होतं. एक, ऐकलं या अर्थी. दुसरं, तुम्ही म्हणता म्हणून, या अर्थी. तिसरं फार क्वचित, आणि ते म्हणताना त्या समोरच्याकडे बघत नसत. काकांनी जायचं ठरवलं तेव्हा त्या म्हणाल्या ते पहिलं, पण त्यात नेहमीपेक्षा थोडी साखर होती.

बेत जाहीर झाल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. औषधवाल्याने कानात घालायला कापूस दिला. काकूंचा भाऊ दोनदा विमानात बसला होता, त्यामुळे तो या विषयातला अधिकारी. त्याने सामान किती न्यायचं, कात्री नेऊ नये, रांगेत पट्टा काढायची तयारी ठेवावी, असं सगळं समजावलं. आपण विमानात बसायला नाही, विमान बघायला चाललोय हे काकांनी सांगितलं, तर तो म्हणाला, तरी पट्ट्याचं लक्षात ठेवा. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ हवामान खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी गच्चीत जाऊन बोट ओलं करून हवेत धरलं आणि सांगितलं की त्या दिवशी वारा मुळीच नसेल आणि दिवसभर ढग असतील. ते ऐकून इमारतीतल्या सगळ्यांनी ऊन लागू नये म्हणून टोप्या बाहेर काढल्या. हवामानवाल्यांचा अंदाज उलटा वाचायची सवय सगळ्यांनाच होती, आणि तसा वाचला तर तो कधी चुकत नसे.

प्रवेशपत्रिका मिळवायची म्हणजे अर्ज. अर्ज मिळायचा खिडकी क्रमांक दोनवर, भरून द्यायचा क्रमांक तीनवर, आणि दोन व तीनच्या मध्ये जेवणाची सुट्टी. अर्जावर मथळा होता, 'प्रेक्शक नोंदनी अर्ज'. काकांचा हात थांबला. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. मथळ्यात दोन, पत्त्याच्या रकान्यात दोन, 'कुटूंबीय'मध्ये एक, आणि नियमांमध्ये तर विचारूच नका. एकूण अकरा चुका निघाल्या. काकांनी अकराही दुरुस्त केल्या, समासात खुणा केल्या आणि अर्ज तीन नंबरच्या खिडकीत सरकवला.

आतल्या कारकुनाने अर्ज दोन बोटांत धरला. खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही, म्हणाला. काका म्हणाले, ही खाडाखोड नाही, दुरुस्ती आहे. कारकून म्हणाला, दुरुस्ती असेल तर प्रत्येक दुरुस्तीच्या बाजूला सही लागते, नियम आहे. आता नियम म्हणजे नियम. त्यांनी तिथेच, खिडकीच्या फळीवर, अकरा सह्या केल्या. लाल पेन्सिलीने.

त्या अकरा लाल सह्या बघून कारकून खुर्चीतून अर्धा उठला. त्याने नंतर कबूल केलं की शाळा सोडल्यावर लाल रंगात इतक्या सह्या त्याने पहिल्यांदाच पाहिल्या. असा माणूस साधा प्रेक्षक असेलच कसा? वरून कुणीतरी पाठवलेला असणार. त्याने काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अर्जाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी खरडलं. काकांना वाटलं, शुद्धलेखनाची कदर करणारी माणसं अजून आहेत.

आठवड्याने टपालाने पाकीट आलं. त्यात काकूंची पिवळी प्रवेशपत्रिका होती, क्रमांक तीनशे सात. आणि काकांसाठी निळी फीत लावलेला पांढरा बिल्ला. त्यावर ठळक अक्षरात छापलेलं होतं: परीक्षक.

काकांनी पेन्सिल काढली. 'परी'वर टेकवली. मग परत कानावर ठेवली.

"अहो, यात चूक आहे ना?" काकूंनी विचारलं.

"छपाईची आहे," काका म्हणाले. "किरकोळ."

तिकिटावर 'पुर्ण' ऱ्हस्व छापलंय म्हणून वाहकाला शिकवत बसल्यामुळे ज्याचा थांबा मागे पडला होता, त्या माणसाच्या तोंडून हा शब्द काकूंनी आयुष्यात प्रथमच ऐकला. त्या म्हणाल्या, "बरं." हे दुसरं.

कसरतींच्या दिवशी आकाश धुवून वाळत घातल्यासारखं स्वच्छ होतं. ढग औषधालाही नव्हता. धावपट्टीच्या कडेला गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं, आणि वाऱ्याची झुळूक आली की अख्खं मैदान एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळत होतं. लांबवर विमानं ओळीने उभी होती, लाल, पिवळी, एक अगदी फिक्या आकाशी रंगाचं. इतकी हलकी दिसत होती की कुणी जोरात शिंकलं तर उडतील.

फाटकावर काकांचा बिल्ला बघून दोघा स्वयंसेवकांनी त्यांना डावीकडे वळवलं. काकू आणि सोबत आलेले हवामानवाले उजवीकडे, गवताकडे. काकूंनी थर्मास पुढे केला. "तिथे देतील," काका म्हणाले आणि गेले. दहा पावलांवर त्यांनी मागे वळून पाहिलं. काकू वर्तमानपत्र अंथरून बसत होत्या. वर्तमानपत्र त्याच दिवसाचं होतं, काकांनी अजून वाचलेलं नव्हतं. तरी ते पुढे चालू लागले.

डावीकडे मांडव होता, पांढऱ्या कापडाचं टेबल होतं आणि गादीच्या खुर्च्या होत्या. समितीचे सचिव पेशाने दातांचे डॉक्टर. त्यामुळे कुठलंही वाक्य ते "घाबरू नका, काही होणार नाही" असंच सुरू करत. घाबरू नका, म्हणाले, काही होणार नाही, फक्त प्रत्येक कसरतीला दहापैकी गुण द्यायचे आणि शेरा लिहायचा. काकांनी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर, मी, एवढं ते म्हणालेही. पण तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या पाठीमागे उशी ठेवली. सदतीस वर्षं लाकडी स्टुलावर काढलेल्या पाठीला ती उशी लागली, आणि तोंड आपोआप मिटलं.

शेजारच्या खुर्चीत दुसरे परीक्षक होते. हे मात्र खरे. जन्मभर विमानं चालवलेले कॅप्टन, डोळ्यांवर टोपी ओढून बसलेले. त्यांनी काकांना "हं" केलं. काकांनीही "हं" केलं. दोन तज्ज्ञांची ओळख झाली.

मग पहिलं विमान उडालं आणि काका बिल्ला विसरले. विमानाने मागे पांढऱ्या धुराची एक सरळ रेघ सोडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काका बघतच राहिले. ती शिरोरेषा होती. कुठेही तुटलेली नाही, जाड-बारीक नाही, एवढी लांब शिरोरेषा त्यांनी कुठल्याही छापखान्यात पाहिली नव्हती. आणि तिच्याखाली एकही अक्षर नव्हतं. म्हणजे एकही चूक नव्हती. दुसरं विमान आलं, त्याने रेघेखाली एक गोल गिरकी घेतली, तिसऱ्याने वर जाऊन धुराचा एक टप्पोरा ठिपका सोडला. अगदी जागच्या जागी. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. उन्हामुळे, असं त्यांनी कॅप्टनना सांगितलं. कॅप्टन म्हणाले, "हं."

गुणपत्रिकेवर काकांनी लाल पेन्सिलीने लिहिलं: 'सुरुवात ठसठशीत. अनुस्वार योग्य जागी. दहापैकी नऊ.' दुसऱ्या कसरतीला त्यांनी लिहिलं, 'पहिली गिरकी अर्थपूर्ण, नंतर पाल्हाळ.' तिसरं विमान उतरताना धावपट्टीवर दोनदा आपटलं. त्याला शेरा, 'पूर्णविराम दोनदा पडला आहे.' सचिवांनी हे शेरे वाचले आणि ते हरखून गेले. ते कर्ण्यावरून सगळ्या मैदानाला वाचून दाखवण्यात आले. 'आपले ज्येष्ठ परीक्षक म्हणतात', अशी दर वेळी प्रस्तावना. काकांचा उल्लेख कुठल्यातरी प्रस्तावनेत होण्याची ही पहिलीच वेळ. गवतावरून टाळ्या आल्या. त्यांत काकूंच्या कुठल्या ते त्यांना ओळखू आलं नाही.

दुपार कलली. जेवण झालेलं, उशी मऊ, विमानांचा आवाज आता लांबून, गुणगुणल्यासारखा. काकांना डुलकी लागली. त्यांना दिसलं की शिरोरेषेखाली हळूहळू अक्षरं येऊन लटकायला लागली आहेत, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. कुणीतरी पाय लोंबते सोडून त्यांच्यामधून चाललंय, एकेक अक्षर उलटून बघतंय, कुठलं विरलंय, कुठल्याला टाका हवा. काका खालून ओरडून सांगू पाहत होते की तपासणं हे माझं काम आहे, पण आवाज फुटत नव्हता. आणि वरच्या बाईचं काही अडत नव्हतं.

"तीनशे सात," कर्णा म्हणाला.

काका दचकून जागे झाले. सोडत निघाली होती. मैदानात सगळे माना वळवून बघत होते, आणि गवतातून काकू येत होत्या. घाई नाही, गडबड नाही. चपला हातात घेतलेल्या, पिवळी पत्रिका छातीशी धरलेली. मागून हवामानवाले छत्री घेऊन. एवढ्या वर्षांत काकांनी काकूंना असं चालताना पाहिलं नव्हतं. पाय जमिनीला लागत होते एवढंच.

त्या फिक्या आकाशी विमानाजवळ एक बाई उभी होती, त्याची वैमानिक. तिने काकूंसाठी कातडी टोपी आधीच काढून ठेवली होती. सचिवांनी काकूंचं अभिनंदन केलं, पत्रिका हातात घेतली, वहीशी ताडून पाहिली, आणि त्यांचा चेहरा किडलेली दाढ दिसल्यासारखा झाला.

"घाबरू नका," ते म्हणाले, "पण आपण तर परीक्षकसाहेबांच्या कुटुंबातल्या. नियम क्रमांक नऊ. पदाधिकारी, परीक्षक आणि त्यांचे कुटुंबीय यांना सोडतीचा लाभ घेता येणार नाही."

हा नियम काकांनी वाचला होता. त्यातल्या 'कुटूंबीय'मधला 'टू' त्यांनीच ऱ्हस्व केला होता. वाचताना त्यांनी वेलांटी बघितली, उकार बघितला, समास बघितला. अर्थ बघायचा राहिला होता.

काकूंनी एकदा विमानाकडे पाहिलं. मग हातातल्या चपला खाली ठेवल्या आणि पायात घातल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. कुणाकडेच न बघता.

हे तिसरं होतं. काकांनी ते फार वर्षांपूर्वी एकदाच ऐकलं होतं, आणि त्या वेळी जे करायला हवं होतं ते त्यांनी केलं नव्हतं. ते उठले. उशी खाली पडली. मांडवापासून कर्ण्यापर्यंत वीस पावलं असतील. तेवढ्यात त्यांच्या मनात पुष्कळ गोष्टी येऊन गेल्या. मांजरी आली, आठशे पुस्तकं आली, नुकतीच झालेली प्रस्तावना आली, आणि उद्या जिन्यात लोक काय म्हणतील तेही आलं. ते पोचले तेव्हा कर्णा एकदा किंचाळला.

"एक शुद्धिपत्र आहे," काका म्हणाले. "माझ्या बिल्ल्यावर 'परीक्षक' असं छापलं आहे. त्याऐवजी 'प्रेक्षक' असं वाचावं. मला विमानातलं काही कळत नाही. मी सदतीस वर्षं प्रुफं तपासली. चूक मला पहिल्या दिवशीच दिसली होती. मी ती राहू दिली."

कुणी हसलं नाही, आणि ते काकांना हसण्यापेक्षा जड गेलं. मग मागून कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, आणि तेही सोपं नव्हतंच. काका कान लाल करून उभे राहिले. कापूस खिशात होता, पण आता घालणं बरं दिसलं नसतं.

सचिव मात्र नियमाचे पक्के. ते म्हणाले की तोंडी शुद्धिपत्र ग्राह्य धरता येत नाही. प्रवर्ग बदलायचा तर नवा अर्ज, तो खिडकी क्रमांक दोनवर, आणि खिडकी सोमवारी उघडणार. शिवाय आतापर्यंत दिलेल्या गुणांचं काय? तेवढ्यात कॅप्टननी टोपी वर केली. दिवसभरात ते पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले.

"गुण बरोबर आहेत. तो तिसरा दोनदाच आपटला."

वैमानिक बाईने मावळतीकडे बोट दाखवलं. सूर्य टेकायच्या आत उतरावं लागतं, म्हणाली, आणि आता जेमतेम वीस मिनिटं उरलीत. वाराही सुटायला लागला होता. हवामानवाले म्हणाले की वारा आता अजिबात वाढणार नाही, आणि ते ऐकून बाईने घाईने पंखा फिरवायला घेतला.

या गडबडीत गर्दीतून एक माणूस पुढे आला. तीन नंबरच्या खिडकीतला कारकून. तो सचिवांना म्हणाला, "साहेब, नव्या अर्जाची गरज नाही. मूळ कागदावर दुरुस्ती करून बाजूला सही असली की चालते. नियम आहे. यांनी अकरा केल्यात." आणि मग काकांकडे वळून, खाली बघत, "बिल्ल्यावर 'परीक्षक' छापायला मीच लिहून दिलं होतं. तुमची पेन्सिल बघून घाबरलो."

काकांनी बिल्ला काढला. काकूंच्या पाठीवर ठेवायला लागेल म्हणाले, दुसरं टेबल जवळ नव्हतं. काकू वळून पाठ देऊन उभ्या राहिल्या. काकांनी एका रेघेत 'परी' खोडलं, वर स्वच्छ अक्षरात 'प्रे' लिहिलं आणि बाजूला सही केली. बारावी. हे काम त्यांना येत होतं.

"गुदगुल्या होतायत," काकू म्हणाल्या.

सचिवांनी बिल्ला उन्हात धरून तपासला, उलटा करून पाहिला आणि मान डोलावली. काकूंनी केस टोपीत कोंबले. पायरीवर चढताना त्यांनी एकदाच मागे पाहिलं आणि थर्मास काकांच्या हातात दिला. "चहा आहे अजून. घ्या."

विमान गवताच्या कडेने पळत गेलं, एकदा हललं, दुसऱ्यांदा हललं आणि जमिनीला सोडून गेलं. काका आता उजवीकडे, गवतात, वर्तमानपत्रावर उभे होते. तिथून सगळं जास्त चांगलं दिसत होतं, हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. आकाशी रंगाचं विमान आकाशात लवकरच मिसळून गेलं. मग फक्त आवाज राहिला, मग तोही बारीक झाला. दिवसभराच्या धुराच्या रेघा वाऱ्याने विस्कटून गुलाबी झाल्या होत्या. त्या सगळ्या पानावर दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. काका मान वर करून, तोंड उघडं ठेवून उभे राहिले, आणि त्यांना वाटलं, चौतीस वर्षं ही बाई सकाळी सकाळी मला एवढं मोठं काहीतरी सांगत होती आणि मी क्रियापद बघत होतो. त्यांना फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी फार छानही वाटत होतं, दोन्ही एकदम.

हवामानवाले काहीतरी सांगू लागले. काकांनी त्यांना कपभर चहा दिला, म्हणजे ते गप्प बसले.

सूर्य टेकता टेकता विमान परतलं. धावपट्टीवर एकदाच टेकलं, आवाजसुद्धा न करता. काकू उतरल्या. टोपी काढली तर केस एका बाजूला चपटे झालेले, गाल वाऱ्याने लाल. भोवती माणसं जमली. कसं वाटलं, भीती वाटली का, काय दिसलं? काकू काकांना शोधत होत्या. सापडल्यावर म्हणाल्या, "आपल्या गच्चीवर तुमचा बनियन राहिलाय. बगलेत विरलाय. आणि दिसतं सगळं नेहमीसारखंच, फक्त आवाज जास्त असतो."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि काकांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. वाहकाने तिकीट दिलं. काकांनी ते न वाचता खिशात ठेवलं.

सकाळी कप पुढे आला.

"काल मी उडाले," काकू म्हणाल्या.

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. वाक्य एकदा मनात वाचलं. कर्ता पाहिला, काळ पाहिला, क्रियापद पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं, कारण सवय.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

साखरेच्या डब्याला टेकवून बिल्ला उभा केलेला होता. काकूंनी तो उचलला आणि बराच वेळ बघत राहिल्या. "प्रेक्षक झालं ते चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "पण त्यासाठी परी खोडलीत तुम्ही."

काकांनी बिल्ला त्यांच्या हातातून घेतला. कानावरची पेन्सिल काढली आणि खोडलेल्या 'परी'खाली सावकाश, एकापुढे एक, चार टिंबं दिली.

चौतीस वर्षं मुद्रितशोधकाच्या घरात काढलेल्या बाईला टिंबांचा अर्थ सांगावा लागत नाही. काकूंनी त्यांवरून बोट फिरवलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

हे 'बरं' त्या तिन्हींतलं नव्हतं. काकांनी ते याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशी त्यांना जेवणही चांगलं गेलं.